कोंबडीपेक्षा लहान बैल

तिरोडा, जि. भंडारा
भाद्रपद वद्य पंचमी, १९५८

ती. सौ. प्रेमिलाताईस,

धाकट्या केशोचा शिरसाष्टांग नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं म्हणून ते डॉक्टरांकडे चालत जायचेच थांबले, असं तू लिहिलं होतंस. माझी प्रकृती उत्तम. तू पाठवलेलं पांढरं धोतर मात्र आता पांढरं राहिलेलं नाही (रंग कुठले कुठले लागले ते इथं सांगत नाही).

एका बैलजोडीपायी माझी अब्रू जाता जाता राहिली, ती हकिकत कळवतो. आमच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे ज्यांचं गणित मागे पडलंय त्या मास्तरांसाठी राखून ठेवलेली जागा. त्यातून जो उरतो त्यात मी शिकवतो. मागे फळ्यावर मडकं काढताना खडू तुटला आणि एक रेघ भलतीकडे गेली, तर साऱ्या वर्गाच्या मडक्यांना ती रेघ आली. एकट्या रुख्माच्या मडक्याला नव्हती. ही नववीतली पोर बोदलकशाच्या तलावाच्या वाटेवरच्या खेड्यातून पायी येते. तिला विचारलं, तर म्हणाली की तिनं फळ्याकडे पाहिलंच नाही, टेबलावरच्या मडक्याकडे पाहून काढलं. ताई, त्या दिवशी मला खानावळीतलं जेवणसुद्धा गोड लागलं.

तेव्हाच ठरवलं, हिला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवायचं. जवळचं मोठं आणि दूरचं लहान दिसतं, हा धडा घेतला आणि घरून दिसतं तसं चित्र काढून आणायला सांगितलं. तिनं सुरेख आणलं. पुढे अंगणात कोंबडी, मागे धानाच्या शेतातल्या चौकोनी बांध्या, आणि लांब तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर वडिलांची बैलजोडी, नखाएवढी. मी त्यावर लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं आणि तिथंच घोळ झाला. चित्र घरी गेलं आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील चैतराम शाळेत हजर झाले.

"गुरुजी," ते म्हणाले, "माहे बैल कोंबडीपेक्षा लहान काऊन? अन् कोंबडी बी आमची नाही, शेजारच्याची हाय."

त्यांचं म्हणणं असं, की पोर चुकली तर चुकली, लेकरू आहे. पण मास्तरनं वर 'उत्तम' लिहिलं म्हणजे बैलांचा अपमान शाळेनंच मंजूर केला. मी त्यांना थेट त्यांच्या बांधावर घेऊन गेलो (हेडमास्तरांनी माझा वर्ग तेवढ्यात गणिताला देऊन टाकला). म्हटलं, एक डोळा मिटा, हात लांब करा आणि अंगठा लांब पाळीवरच्या बैलांसमोर धरा. दोन्ही बैल अंगठ्यामागे झाकले गेले. चैतरामांनी अंगठा दोनदा बाजूला करून पाहिला. मग दुसरा डोळा उघडून शांतपणे म्हणाले, की एक डोळा मिटल्यावर अर्धंच दिसणार, पगारी मास्तरनं तरी दोन्ही वापरावेत. दुसऱ्या दिवसापासून रुख्मा शाळेत यायची बंद झाली.

परीक्षा तोंडावर आली आणि पोर घरी. मी चिडलो, जेवण टाकलं, मग भूक लागली म्हणून जेवलो. अडाणी म्हणून हात झटकावेत, तर तेही होईना. त्या माणसानं ते बैल वासरं असल्यापासून वाढवलेत. पाळीवर असोत की गोठ्यात, त्याला ते तेवढेच मोठे दिसतात. मी मुलांना दिसतं तसं काढा म्हणतो. कुणाला दिसतं तसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दोन रात्री नीट झोप लागली नाही.

तोड काढली रुख्मानंच. आईला, मनकर्णाबाईंना, सोबत घेऊन ती पाळीवर गेली आणि बैलांच्या अगदी जवळ बसून तिनं दुसरं चित्र काढलं. नियम एकही मोडला नाही. बैल कागदभर, वशिंड वरच्या कडेला टेकलेलं. कोंबडी लांब, आणि तिच्याही पलीकडे शाळेच्या दारात धोतर नेसलेला मुंगीएवढा मास्तर (शाळा तिथून दिसत नाही, पण मी तक्रार केली नाही). ते चित्र चैतराम स्वतः घेऊन आले आणि त्यातला मी कोणता, ते मला बोट ठेवून दाखवलं. मागे दप्तर घेऊन रुख्मा उभी होती.

तर असं हे सगळं सुखरूप पार पडलं. भाऊजींना नमस्कार सांग आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
केशो

ता. क. – परीक्षा नागपूरला आहे, पुढच्या महिन्यात. मुक्कामाला ओळखीतल्या बाईमाणसाचं घर असेल तरच पोरीला पाठवीन, अशी चैतरामांची अट आहे. मी तुझं नाव सांगून टाकलंय. (भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी त्यासाठी नव्हती, त्यांना तसं वाटलं तर वाटू दे.) चैतरामही सोबत येतील. ते ओसरीवर निजतील. भात जरा जास्त लाव.

पुन्हा ता. क. – एक गोष्ट वर लिहायची टाळली. सगळं मिटल्यावर चैतराम निघाले आणि दारात थांबले. म्हणाले, "गुरुजी, दूरचं लहान दिसते म्हणता ना? पोरगी शिकून नागपूर-मुंबईले गेली, तं तिकून आमी तिले केवढे दिसू?" मी इतके दिवस नुसता बैलांवरून भांडत होतो. शेवटी म्हटलं, नागपूरला आमच्या ताईला विचारा. तू दोन लेकी सासरी पाठवल्यास. ते विचारतील तेव्हा खरं असेल तेच सांग. पण आधी त्यांना पोटभर जेवू घाल.