तो खाली कसा उतरला

जालना,
१० मार्च २०२५

प्रिय बेबीनंदाताईस,
धाकट्या अंगदचा प्रभूमध्ये सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? निवृत्त झालीस तरी गल्लीभर बीपी मोजत हिंडत असशील, नर्सचा तुझा स्वभाव काही जायचा नाही. इथे नळाला बारा दिवसांनी पाणी येतंय. एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्यांच्या कारखान्यात सध्या काम कमी, त्यामुळे दुपारीच सुटतो. तू चार वेळा फोनवर विचारलंस, आवाज असा का? फोनवर मला खोटं बोलता येतं ताई, म्हणून लिहितोय.

काल उपवासकाळाचा पहिला रविवार. संडे स्कूलमध्ये दरवर्षीचाच धडा. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, देवाचा पुत्र असशील तर उडी मार, देवदूत झेलतील. अठरा वर्षं मी तो एकाच ठरीव पद्धतीनं शिकवला : येशू देवच होता, त्याला कसला मोह? संपलं. गेल्या वर्षी आपल्या अक्षतानं हात वर केला. "पप्पा, मंग तो खाली कसा उतरला?" पोरं हसली. मी म्हणालो, बस खाली. ती बसली नाही. "जिन्यानंच उतरला असंल. त्याला बी पडायची भीती वाटली असंल. माणूस व्हता ना."

काल तो धडा मला पुढे नेता आला नाही. पोरांना लवकर सोडलं.

जूनमधली चंगाई सभा तुला माहीत आहे. बाहेरून आलेल्या ब्रदरनी आजार जावा म्हणून प्रार्थना करत अक्षताच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या हातात माईक दिला. मी हजार माणसांसमोर साक्ष दिली की माझ्या लेकीची मिरगी गेली. लोक रडले, हात धरायला धावले. फार गोड वाटलं मला, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर सुरेखा म्हणाली, "बरी झाली म्हंता ना? मंग गोळ्या खाऊन बी बरीच राहील की. चालू राहू द्या." बायको किती सरळ बोलली. पण मला तो अविश्वास वाटला. गोळ्या चालू म्हणजे माझी साक्ष खोटी, असं डोक्यात बसलं.

ताई, तू पाठवलेल्या गोळ्या मी संडासात टाकल्या आणि डबीत तशाच दिसणाऱ्या ताकदीच्या गोळ्या भरल्या. सुरेखा त्याच डबीतून सकाळ-संध्याकाळ देत राहिली. सात आठवडे फिट आली नाही, तेव्हा मी दुसऱ्यांदा साक्ष दिली. आठव्या आठवड्यात पोरगी हौदावर कपडे पिळायला गेली आणि फिट येऊन तोंडावर पाण्यात पडली. पाणी गुडघाभर होतं.

दवाखान्यात ती दोन दिवस होती. रक्तात औषध नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू सुरेखाला नाही नाही ते बोललीस. ती शपथा घेत होती. मी खिडकीपाशी गप्प उभा होतो. अक्षताला माती दिल्यावर तुम्ही सुरेखाला कुंभार पिंपळगावला माहेरी धाडलं, तेव्हा तिची पिशवी मीच बसमध्ये चढवली.

मागच्या आठवड्यात तिचा भाऊ भुजंग कारखान्याच्या गेटवर आला. "दाजी, ती आता म्हणून राह्यली, मीच इसरले असंल. दिसभर ती रिकामी डबी उघडती अन् झाकती." मी त्याला चहा पाजला आणि तसाच परत पाठवला.

येशूला खरंच मोह झाला असणार, हे मला आता पटतं. देव असून तो माणसासारखा एकेक पायरी उतरला. मी साधा माणूस असून देवदूत मागितले. आणि उडीसुद्धा स्वतः मारली नाही, लेकीला ढकललं.

या पत्राची दुसरी प्रत घेऊन उद्या सकाळच्या बसनं पिंपळगावला निघतोय. सुरेखाला समोर बसून वाचून दाखवीन. भुजंग मारील, मारू दे. रविवारी चर्चमध्येही उभा राहीन. तू मात्र माझी बाजू घेऊ नकोस. तिची माफी माग.

दोनदा साक्ष दिली, ही तिसरी, आणि खरी एवढीच : सुरेखानं एकही वेळ चुकवली नव्हती.

अंगद