कमरेवरचा हात

७ फेब्रुवारी १९९४, अंबरपेठ
आज कामाला लागलो, राहायलाही कारखान्यातलीच खोली मिळाली. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडल्यापासून गौलीगुड्याला घरी बाबांची रोज कटकट. ती संपली. हिम्मतराव पुतळे करतात. आधी गणपती करायचे. बाहेरच्या कंपन्या आल्यापासून नव्या हॉटेलांना गोरे देव लागतात. हिम्मतराव मिशनच्या शाळेत लॅटिन शिकलेले. म्हणाले, माणसांची झाडं, दगड, पाखरं झाल्याच्या गोष्टी रोमच्या कवींनी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या, तेव्हापासून चित्रकार-शिल्पकार त्यांच्यावरच जगतायत, आता आपण. साच्यांना तेल लावणाऱ्या तारामतीबाईंनी बजावलं, चहा ज्याचा त्यानं करायचा, हौ. मजा येणार इथे.

१० फेब्रुवारी
हॉटेलची ऑर्डर आली. देव एका मुलीमागे धावतो, हात कमरेला लागतो न लागतो तोच ती झाड होते. तरी देव म्हणतो, बायको नाही तर माझं झाड तरी हो. मला तो देव फार आवडला. हिम्मतराव म्हणाले, आवडणारच, तूही तसलाच गाढव. देवाच्या उजव्या हाताचा साचा माझ्याच हातावरून घेतला. इथली रीत अशी की ज्याचं अंग घ्यायचं त्याला तारामतीबाई तीनदा विचारतात, मर्जी आहे का. फोटोवरून केलं तरी विचारायचंच. मी तीनदा हो म्हणालो.

१५ फेब्रुवारी
बरकतपुऱ्याला प्रियदर्शिनीच्या गल्लीत गेलो. जिच्यापायी मारामारी करून कॉलेज सोडलं ती म्हणते, विनय, हात जोडते, माझ्या मागे येणं सोड. भावाला बोलवीन म्हणाली. बोलव म्हटलं. परत येऊन कॉलेजच्या फोटोवरून तिचाच चेहरा मातीत केला, साचा घेतला. तारामतीबाईंना सांगितलं, फोनवर तीनदा विचारलं, हो म्हणाली.

१९ फेब्रुवारी
पुतळा जोडून झाला. मुलीचा चेहरा मी शांत ठेवला होता. आज सकाळी तोंड उघडं. झाडाची साल गुडघ्यापर्यंत होती, ती मांडीवर आलीय. हिम्मतराव म्हणाले, वाळताना प्लास्टर ओढलं जातं. तारामतीबाई पुतळ्याजवळ फिरकल्याच नाहीत.

२३ फेब्रुवारी
बसस्टॉपवर तिचा भाऊ संदेश भेटला. वाटलं, आता मारणार. तो रडत होता. तिचे पाय लाकडासारखे झालेत, कातडीचे पापुद्रे सुटतायत. इकडे पुतळ्यावर साल कमरेपर्यंत. माझ्या बोटांपर्यंत.

२४ फेब्रुवारी
तारामतीबाईंना खरं सांगून टाकलं, तिला विचारलंच नव्हतं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पुतळा फोडू नक्को, तीही फुटेल. हात तेवढा काप. तो तुझा आहे, तू मर्जीनं दिलास. तू सोडलंस की ती सुटेल. करवत लावली. माझ्याच मनगटात कळ आली. ती सोसली असती. पण सुटल्यावर ती दुसऱ्या कुणाचीही होणार. करवत खाली ठेवली. उद्या बघू.

२६ फेब्रुवारी
साल गळ्याशी. संदेशचा फोन — तिची वाचा गेली. डोळे तेवढे हलतात. उद्या नक्की कापतो. नक्की —

२७ फेब्रुवारी
डाव्या हातानं लिहितोय. उजवा पांढरा, गार. बोटं वाकलेली, पुतळ्यावरच्यासारखीच. करवत धरता येईना. तारामतीबाईंनी पुतळ्याच्या हाताला लावली — दाते मोडले. दुसरी आणली, तीही —

दुपार
हिम्मतराव बरकतपुऱ्याहून, तिच्या घरून आले. खाटेवर नुसती पानं, म्हणाले —

डावाही आता —
सोडतो म्हणतोय मी, प्रियदर्शिनी. तीनदा म्हटलं. मर्जीनं म्हटलं. पण बोटं उघड