डोंगर घट्ट असल्याचा पुरावा

१२ नोव्हेंबर
जिंकले! बुद्धविहाराच्या ओसरीवर सगळं गाव जमलं होतं. डोंगर तपासणाऱ्या खात्याची मुलगी, दिल्हानी, अहवाल वाचून दाखवत होती – वरचा उतार घसरू शकतो, घरं रिकामी करा. मी उठले. बारावीच्या वर्गाला शिकवते तेच विचारलं. माती तपासायला भोकं किती पाडली? तीन. कधी? मार्चमध्ये, कोरड्यात. 'शकतो' म्हणजे किती? शेजारचा उतार तपासला? नाही. बिचारीनं अहवालाची घडी घातली. हेमपालमामांनी मांडीवर थाप मारली – "आमची टीचर आहे ती! तर्कशास्त्र शिकवते!"
घरी अम्मांनी स्वतः चहा केला, वर गुळाचा खडा. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी माझं कौतुक केलं ते आज!

१३ नोव्हेंबर
काल निघताना दिल्हानी छत्री उघडता उघडता म्हणाली होती, "पुरावा कमी आहे, खरंय टीचर. पण डोंगर घट्ट असल्याचा पुरावा तुमच्याकडे कुठला आहे?"
मी हसले होते. आज हसू येत नाहीये.

१५ नोव्हेंबर
अहवाल पुन्हा वाचला. त्यांच्या म्हणण्याला इतके प्रश्न विचारले, आमच्या म्हणण्याला एकही नाही! 'आजोबांच्या काळापासून काही झालं नाही' – असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं तर मी गुण कापते.
घरामागच्या मिऱ्याच्या वेलींपलीकडे जाऊन पाहिलं. जमिनीला भेग. हात मनगटापर्यंत आत जातो.

१६ नोव्हेंबर
पाऊस.

१८ नोव्हेंबर
घरोघर फिरले. मामा म्हणाले, "एका भेगेवरून डोंगर पडणार? शेजारचा उतार बघितलास का, टीचर?" सगळे खो खो हसले. करुणावतीअक्का – "तूच म्हणालीस ना, 'शकतो'ला काही अर्थ नाही म्हणून!"
अम्मांना हाताला धरून भेग दाखवली. "उंदरांचं काम," म्हणाल्या. "परवा एक बोलतेस, आज दुसरंच. माझ्या लेकानं कतारच्या उन्हात राबून हे घर बांधलंय, सुजीवा. मी नाही हलायची."
काय छान शिकवलंय मी गावाला!

२० नोव्हेंबर
दिल्हानीला फोन केला. निदान सक्तीचा आदेश तरी काढा, म्हटलं. "वर पाठवलंय टीचर. पण गावाचा आक्षेप नोंदलाय, म्हणून आधी फेरतपासणी. जानेवारीत."
गावाचा कसला – माझा आक्षेप!
पाऊस थांबत नाही. भेगेत आता कोपरापर्यंत हात जातो. काय करू? कुणाच्या पाया पडू?

२१ नोव्हेंबर
खोटं बोलले. पावसात धावत, दारं बडवत – "दिल्हानीचा फोन आलाय! यंत्रात डोंगर हललेला दिसतोय! आत्ता निघा!" कसला फोन, कसलं यंत्र! भीती घातली, घाई केली, खात्याचं नाव घेतलं, भर रस्त्यात रडले. फळ्यावर ज्या ज्या गोष्टींपुढे फुली मारते, त्या सगळ्या वापरल्या. खरा मुद्दा एकही मांडला नाही.
आणि आले! सगळे आले. खालच्या शाळेच्या वर्गांत चटया अंथरल्यात. अम्मा माझ्याशी बोलत नाहीत. पण आल्या.

२२ नोव्हेंबर
सकाळी डोंगर जागच्या जागी. मामा चिडलेले – "चहा घेऊ आणि जाऊ वर. पुरे झाला तमाशा." चहा उकळत होता तेवढ्यात आवाज आला. त्या आवाजाबद्दल नाही लिहिणार.
वर घरं उरली नाहीत. माणसं सगळी इथं आहेत. मोजली. पुन्हा मोजली. अम्मांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. मामा चक्क पाया पडायला वाकले – "तुला कळलं होतं, टीचर!"
फोनचं खोटं होतं, ते सांगितलं नाही. वाचलो ना सगळे!

२३ नोव्हेंबर
वरच्या वळणावर चिखलात दिल्हानीची स्कूटर सापडली. ती नाही.
खात्यातला माणूस सांगत होता – काल सकाळी तिला कळलं, तिच्या फोनवरून गाव खाली आलं म्हणून. म्हणाली, "मी तर फोन केलाच नाही. म्हणजे लोकांनीच काहीतरी पाहिलं असणार. वर जाऊन बघून येते."