पुढच्याची सीट अन् आमचं टोकण यंत्र

१४ नोव्हें., शुक्र. वडीगोद्री
बॅगा भरल्या. टोकण यंत्र (ठरावीक अंतरावर बी टोचून पेरायचं) खोलून खोक्यात. सलीमभाईनं (पंधरा वर्षांपासूनचा भागीदार) एकेक नट चिंधीत बांधला, लेकीचा दागिना असल्यासारखा. सोमवारी दहाला आफ्रिकेत, झांबियातल्या लुसाकात, शेतकरी संस्थेपुढं दाखवायचंय. त्यांना हातानं ढकलायची यंत्रं पायजेत. ऑर्डर जमली तर आमच्या यंत्रं बनवायच्या शेडमधली सहा माणसं उन्हाळाभर कामाला, न्हाई तर खरिपापर्यंत शेडला कुलूप. स्लाइडा अर्ध्याच झाल्यात. बायको सुनंदा म्हणाली, विमानात करा, तिथं कोण येतंय बोलवायला.

१६, रवि. विमानात
मधली सीट. लॅपटॉप उघडतो न उघडतो तोच पुढच्यानं सीट मागं टाकली. स्क्रीन निम्मीच उघडते. लॅपटॉप पोटावर घेऊन, मान वाकडी करून टाइप करून राह्यलो. सलीमभाई खिडकीत, पहिलंच विमान. म्हणे, "शेठ, पोट कामाला आलं आखिर."

तेच, जेवणानंतर
सलीमभाईला स्लाइडा वाचून दाखवत होतो. कपाशी फोर बाय वन, मका टू बाय वन... पुढची सीट सरळ झाली, वरून एक डोकं आलं. लुसाकाचे मास्तर, उपचाराला हैदराबादला आल्ते. इंग्रजीत विचारलं, "चार काय? मीटर?"
आपल्याकडं चार बाय एक म्हटलं की फूट, हे पोरालाही कळतं. एकवीस स्लाइडा, अन् फूट एकदाही लिहिलेलं न्हाई. मास्तर म्हणाले, आमच्याकडं सगळं मीटर-सेंटिमीटर. चार मीटरवर कपाशीची ओळ बघून लोक हसतील.
बॅटरी सतरा टक्के. सीटखालचा प्लग बंद. मंग काय, मी टाइप, सलीमभाई तोंडी सेंटिमीटर काढून सांगणार. "फूट, तीस. दो फूट, इकसठ. चार, एक सौ बाईस." पत्रा कापण्यात जन्म गेला माणसाचा. मास्तर सीटवर उलटे, गुडघ्यावर बसून माझं इंग्रजी नीट करत. हवाई सुंदरीनं त्यांना दोनदा खाली बसवलं. सहा टक्क्यांवर शेवटची स्लाइड.

१७, सोम. लुसाका
स्लाइडा बराबर गेल्या. मंग म्हणाले, शेतात चला. यंत्र जोडलं, मी ढकललं. ओळ सरळ, टाळ्या. पण इथं पेरणी बायाच करतात. संस्थेच्या अध्यक्षीणबाई स्वतः ढकलायला लागल्या, तर दांडा गळ्याशी. दहा पावलांत थांबल्या. मागं दोघी आपसात काही बोलून हसल्या. भाषा कळली न्हाई, हसणं कळलं.
बाई म्हणाल्या, यंत्र ठेवून जा. अर्धं रान यानं पेरू, अर्धं हातानं. उगवलं की कळवू.
मीही हेच म्हटलं असतं.

१९, बुध. परतीचं विमान
ऑर्डर न्हाई, नकारही न्हाई. लॅपटॉपवर दांड्याचं नवं चित्र काढून राह्यलो. तीन भोकं, खालीवर करता येईल असा. आजवर प्रत्येक दांडा माझ्याच उंचीला बेतून केला.
सलीमभाई बघत होते. "किसके वास्ते? ऑर्डर तो आया नहीं."
म्हटलं, टोकण आपल्याकडं तरी कोण करतं? बायाच ना?
त्यांनी चित्रातली भोकं बोटानं मोजली. मंग म्हणाले, "भोकं चार ठेवा, शेठ. आमच्या घरचं माणूस लई बुटकं हाय."