काचेवर टेकलेला चेहरा

आई,

तुझा चेहरा मला आठवत नाही. एवढं कागदावर लिहायला मला चाळीस वर्षं लागली. तुझे हात आठवतात, अंगाला येणारा नव्या टेरिकॉटचा वास आठवतो, हनुवटीवरचा गोंदणाचा हिरवा ठिपका आठवतो. पण त्या ठिपक्याभोवती चेहरा जमत नाही. तू वारलीस तेव्हा मी बारा वर्षांची आणि तू एकतीस. तुझा एकच फोटो होता, गणवेशाच्या कारखान्याच्या पासवर चिकटवलेला, आणि तो पास परत द्यायला वडिलांनी मलाच पाठवलं. गेटवरच्या वॉचमननं पास हातात घेतला, फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, "फोटो काढून दिऊ का गं पोरी? ऱ्हाऊ दे की तुज्यापशी." मी मानेनंच नको म्हटलं. मला तुझा राग आला होता, मला न सांगता गेलीस म्हणून. त्यानं पुन्हा विचारलं. मी पळत सुटले.

त्याच कारखान्यात तू काज-बटणाला बसायचीस. शाळेला सुट्टी असली की मी तुझ्या पायाशी बसून तुटके दोरे गोळा करायची. एकदा मी मार्किंगचा खडू उचलून कापून ठेवलेल्या निळ्या कापडावर एक बाई काढली. तू सगळ्या बायकांदेखत माझ्या पाठीत धपाटा घातलास. "लोकाचं कापड हाय ते! अक्कल हाय का न्हाय?" दिवसभर तू माझ्याशी बोलली नाहीस. घरी आल्यावर चुलीवर भाकरी टाकतेस, मी कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेली, आणि तू पदराची गाठ सोडून खडूचा चपटा तुकडा माझ्यापुढे सरकवतेस. "फरशीवर काढ की. फरशी आपली हाय." त्या दिवशी मी काय काढलं ते सांगता येईल. तू कशी हसलीस ते येत नाही.

आता मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. जुनी रजिस्टरं स्कॅन करून कॉम्प्युटरात घालायची, हेच काम. मागच्या वर्षी नवी, पातळ मशिनं आली आणि जुना जाडजूड स्कॅनर भंगारात निघाला, तो साहेबांना विचारून मी घरी आणला. सुरुवातीला गंमत म्हणून काचेवर शेवग्याच्या शेंगा ठेवल्या, बांगड्या ठेवल्या, एकदा भाकरी ठेवली. झाकण उघडं ठेवलं की मागे काळंकुट्ट येतं आणि टेकलेली वस्तू अंधारातून वर आल्यासारखी दिसते. नव्या मशिनला काचेला चिकटलेलंच नीट दिसतं. या जुन्याला बोटभर मागचंही दिसतं.

मग मावशी आजारी पडली. आता इलाज नाही म्हणून डॉक्टरांनी तिला गावी, कुंभारीला, घरी न्यायला सांगितलं. तुला पाहिलेलं, अजून बोलू शकणारं माणूस आता ती एकटीच होती. लहानपणापासून ती मला म्हणायची, "आक्शी आईवर गेलीस." ती जायच्या आत मला माझ्या चेहऱ्यातून तुझा चेहरा काढायचा होता. ऑफिसातून आले की मी डोक्यावरून काळी शाल घ्यायची, गुडघ्यांवर बसून गाल काचेवर टेकवायची, डोळे मिटायची, श्वास धरायची. खालून उजेड सरकत जायचा. नाक चपटं यायचं, वाफेनं ओठ पुसट व्हायचे. उजेडाबरोबर हळूहळू मान फिरवायला शिकले, तेव्हा डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत सगळा चेहरा एका चित्रात आला, पण लांबलेला, भलत्याच कुणाचा. पुन्हा केलं. पुन्हा. मान आखडली, जेवणाची शुद्ध राहिली नाही. एकदा डोळे उघडे ठेवून बघितलं आणि नंतर कितीतरी वेळ समोर हिरवे डाग नाचत राहिले. शेवटी एक बरा आला, तो कागदावर छापून घेतला. त्याच्या हनुवटीवर मी हिरव्या पेनानं ठिपका दिला आणि तशीच बस पकडून मावशीकडे गेले.

मावशीनं कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"ही कोण म्हातारी?"

"मावशी, नीट बघ की. आई हाय."

"ठिपका तिचाच हाय," ती म्हणाली. "पर तुजी आई लई ल्हान हुती गं. अशी कुटं हुती? ही तू हायस." आणि माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "किती वाळलीस."

मी तिचा हात घट्ट धरला. "मग कशी हुती? नाक कसं हुतं? सांग की मावशी. डोळे कसे हुते?" मी अक्षरशः तिला हलवत होते, आई, आजारी माणसाला. ती म्हणाली, "चांगली हुती," आणि डोळे मिटले. चार दिवसांनी ती गेली.

म्हणजे मी तुझ्याकडे जायला निघाले होते आणि तुला ओलांडून वीस-एकवीस वर्षं पुढे निघून आले होते. काचेवर कितीही तोंड दाबलं तरी त्यातून तू निघणार नाहीस. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहून ठेवते. काल शेअर रिक्षात एक बाई शेजारी होती. तिशीची असेल, गळ्यात कुठल्याशा फॅक्टरीचा पास, मांडीवर रिकामा डबा. ती सरकली आणि म्हणाली, "बसा की काकू, टेकून बसा. दमलाय तुमी." तू भेटलीस तर तूही मला असंच 'तुमी' म्हणशील. माझं उतरायचं ठिकाण आलं, मागे गेलं, आणि मी रिक्षावाल्याला थांब म्हणाले नाही.