पिळाचे कोडे

प्रिय दादा,

दोराचे पदर मधोमध फाकवले, की पुढचा पीळ घट्ट का होतो? दोर वळण्यात तुझी हयात गेली, तरी तू मलाच चिडवायचास, "सांगा, बाईसाहेब, एवढ्या शिकलात तर!"

जंतूचीही हीच अडचण असते. वाढताना त्याला आपल्या जनुकांच्या दुपदरी धाग्याचा पीळ उलगडावा लागतो. पुढचा पीळ घट्ट होऊ नये म्हणून त्याचे एक प्रथिन तो धागा कापते, फटीतून दुसरा भाग पलीकडे नेते आणि काप पुन्हा बेमालूम सांधते. केवढे हे कसब! तुझ्या लघवीच्या संसर्गावरची क्विनोलोनची गोळी त्या प्रथिनाला धागा कापल्या क्षणीच जखडते. सांधा होत नाही आणि जंतू स्वतःच्याच कापाने मरतो.

पण हेच औषध क्वचित आपल्या स्नायूला हाडाशी बांधणारा दोरही दुखावते, तुटेपर्यंत. सकाळी फोनवर तू हसलास, "टाचेमागे ठणकतंय गं, म्हातारा झालो." दादा, ते वय नसावे! पत्र पोहोचायची वाट पाहत नाही, आत्ताच फोन करते: गोळी थांबव, पायावर भार देऊ नकोस, लगेच डॉक्टरांना गाठ.

बरा झालास, की दुहेरी सुतळीची टोके घट्ट बांध आणि मधले पदर फाकव. जंतूची अडचण बोटांना कळेल.

तुझी,
बाईसाहेब