लिंबावरून ढकललेली स्कूटर

मंगळवार, संध्याकाळ. मोशी.

आज चाकणला कंपनीत नव्या इलेक्ट्रिक स्कूटरची पूजा झाली. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. फक्त गाडीत मोटर नव्हती. मोटरचं मॅग्नेट परदेशातून यायचंय, ते महिनाभर अडकलंय. प्लांटचे साहेब म्हणाले, “मुहूर्त टळायला नको. शिंदे, तुम्ही मागून हळूच ढकला. व्हिडिओत दिसू नका.”

आणि मी ढकलली! बावीस वर्षं क्वालिटीत घालवलेला माणूस, वाकून, सीटमागे तोंड लपवून. लिंबू चिरडलं, टाळ्या पडल्या. शी! गाडीवरचं ‘ओके’चं हिरवं स्टिकर? तेही मीच लावलेलं.

चीड याची येते की बाकीचं काम खरंच चांगलं झालंय. बॅटरी, वायरिंग, ब्रेक, सगळं आता इथेच बनतं. मग ‘मोटर यायचीय’ एवढं सांगायला कसली लाज वाटते यांना? आणि मला ‘नाही’ म्हणायला?

घरी आलो तर बायको तोच व्हिडिओ बघत होती. म्हणाली, “अहो, आवाज म्हणून नाही! इलेक्ट्रिकचं हेच भारी.”

मी मान डोलावली आणि बुटाला चिकटलेली लिंबाची साल खरवडत बसलो.